शेवटचं पान आईचं

अश्दोद, इस्राएल
६ मार्च २०२२

प्रिय सहादेव,

शालोम आणि नमस्कार.

पाच वर्षांत पत्र नाही म्हणून रागावू नकोस. तूही लिहिलं नाहीस, तेव्हा फिट्टंफाट. अक्षर एवढं मोठं का, तर माझ्या उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग बसलाय आणि डाव्यातही बसायला लागलाय. डॉक्टर म्हणतो वर्षभर, फार तर दोन वर्षं. मग कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही.

म्हणून एक शेवटचं काम अंगावर घेतलंय. आपल्या उंबरखेड्याचं पुस्तक. चोवीस चित्रं आणि प्रत्येकाखाली दोन-चार ओळी, मराठीत. पुण्याचा एक छापखाना तीनशे प्रती काढून देणार आहे. इथे नातवंडं विचारतात, आजी, तुझं गाव दाखव की नकाशात. मी धरणाच्या पाण्यावर बोट ठेवते. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करते.

माझी चित्रं कशी असतात ते तुला ठाऊक आहे. एकोणऐंशी साली मी जळक्या गोणपाटाच्या चित्राचा फोटो पाठवला होता, तेव्हा तू कळवळून विचारलं होतंस की घराला आग लागली होती का. ह्या वेळी तसं घाबरू नकोस. फाडलेला कागद, कोळसा आणि गेरू, एवढंच आहे.

तुझ्याकडून माहिती हवी. बाबा कंपाउंडर होते त्या गुरांच्या दवाखान्याचं दार कुठल्या रंगाचं होतं? गुरं अडकवायचा लाकडी खोडा पिंपळाच्या डावीकडे की उजवीकडे? आणि मुख्य म्हणजे आईच्या कबरीचा एक फोटो पाठव. सत्तर साली, गाव उठायच्या वेळी, तू बाबांना लिहिलं होतंस की कबर नव्या गावठाणात हलवली. बावन्न वर्षं झाली, मी ती पाहिलेली नाही. पुस्तकाचं शेवटचं पान आईचं आहे.

तुझी,
सिम्हा


नवे उंबरखेडे, ता. राहुरी
११ एप्रिल २०२२

प्रिय सिम्हा हिस सहादेव म्हसे याचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा पारावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी तिकिटं बघून घेतली. डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. माझे डोळे ठीक आहेत, गुडघे गेले. देवाने आपल्यात वाटणी केलेली दिसते.

दवाखान्याचं दार निळं होतं. आमच्या मंडळी, म्हणजे रंगुबाई, म्हणतात हिरवं होतं. त्यांचं माहेर देवळाली प्रवरा, त्यांनी ते दार उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, तरी त्यांचं मत आहे. तू निळंच काढ. खोडा पिंपळाच्या उजवीकडे. हायेमबाबा बैलाला औषध पाजताना बांबूचं नळकांडं वापरायचे आणि शेपटी धरायला मला उभं करायचे, कारण लाथ बसली तर मास्तरांचा पोरगा नको, म्हस्याचा चालेल, असं ते म्हणायचे. हे मला अजून आठवतं आणि अजून थोडा राग येतो.

तुमच्याकडे पोह्या-गुळाचा मलिदा व्हायचा त्या दिवशी आमची आई, आक्का, मला वाटी देऊन पाठवायची, तेही एका पानावर घे. आक्का शेवटपर्यंत तुझ्या आईचं, रूथबाईंचं नाव काढायची. सख्ख्या बहिणीसारख्या होत्या दोघी.

तुझ्या आईची काळजी करू नकोस. सगळं व्यवस्थित आहे. गुडघ्यांमुळे माझं तिकडे जाणं होत नाही.

तुझा,
सहादेव


अश्दोद
२० जून २०२२

प्रिय सहादेव,

निळं दार काढलं. रंगुबाईंसाठी त्याच्या कडेला बोटभर हिरवा लावलाय, त्यांना सांग.

पण गुडघे तुझे दुखतात, तुझ्या नातीचे नाही. दिशाला पाठव ना मोबाईल घेऊन. एका फोटोसाठी मला किती पत्रं लिहायला लावणार आहेस?

का मागे लागलेय ते सांगते, म्हणजे तू टाळाटाळ करणार नाहीस. आमच्यात मेलेलं माणूस अख्खं मातीत राहावं लागतं. एक दिवस सगळे उठणार आहेत, त्या दिवशी आपापल्या हाडांसकट उठायचं. जाळणं म्हणजे त्या माणसाला उठायला जागाच न ठेवणं. मी फारशी देवभोळी नाही, तरुणपणी तर देवळात जाणाऱ्यांची टिंगल करणाऱ्या चित्रकारांत होते. पण बाबा होते. अठ्ठ्याऐंशी साली ते गेले तेव्हा शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला मराठीत विचारलं, "ती आहे ना सगळी?" मी ट्रंकेतून तुझं सत्तर सालचं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. "रूथबाईंना आम्ही सन्मानाने नव्या जागी आणलं आहे, एक हाडही मागे ठेवलेलं नाही." त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. सकाळी गेलेले होते.

त्या एका पत्राबद्दल मी तुझे पाय धरायला हवेत. अजून धरले नाहीत, ते राहूनच गेलं.

सोबत सहा चित्रांच्या प्रती पाठवतेय. गावात दाखव.

सिम्हा


नवे उंबरखेडे
३० ऑगस्ट २०२२

प्रिय सिम्हा,

फोटो सोबत आहे. शाळेच्या मागे, लिंबाखाली. दगडावर तुमची सहा टोकांची चांदणी आहे. शेवाळ धरलं होतं, ते दिशाने घासून काढलं.

चित्रं ग्रामपंचायतीत मांडली होती. पहिल्यांदा सगळे माना तिरप्या करून बघायला लागले. बैलाला तीन डोळे, पिंपळ उलटा, विहीर आभाळात. बन्सी सुतार म्हणाला, "बाईचे डोळे लईच बिघडलेत म्हनायचे." मग तो बराच वेळ त्या विहिरीच्या चित्रापाशी उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "आरं, पोहऱ्याचा आवाज काढलाय तिनं!" झालं, मग सगळे म्हातारे बोलायला लागले. कुणाच्या घराचा उंबरा कुठे होता ह्यावरून भांडणं झाली. बन्सीचे डोळे पाणावले. नव्या गावठाणात आमची रांगेत बांधलेली सारखी घरं आहेत, कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, सगळं आहे. पण जुनं गाव कसं होतं हे आमच्याच पोरांना सांगायला आमच्याकडे एक फोटो नाही. पुस्तक निघालं की प्रत्येक घरात एक प्रत हवी, असं ग्रामसभेत ठरलं.

ते पाय धरण्याचं मनातून काढून टाक. कृपा करून तसं पुन्हा लिहू नकोस.

सहादेव


अश्दोद
१५ जानेवारी २०२३

प्रिय सहादेव,

फोटो आला त्या दिवशी मी भिंगाखाली तो तासभर पाहिला. मधला भाग दिसत नाही म्हणून फोटोच इकडे-तिकडे सरकवत राहिले. दगड केवढा नीट ठेवलाय तुम्ही! काल घडवला असावा तसा.

शेवटचं पान झालं. आधीची तेवीस पानं निळी आहेत, म्हणजे प्रत्येक चित्रावर निळा कागद फाडून चिकटवलाय. दवाखाना, शाळा, मारुतीचं देऊळ, सगळं पाण्यातून पाहावं तसं. आणि चोविसावं पान एकटं कोरडं. नुसता गेरू, त्यावर एक दगड. सगळं बुडालं, एक बाई तेवढी वर काढली लोकांनी. अख्खं पुस्तक त्या पानावर उभं आहे. नाव ठेवलंय "कोरड्यात".

आता खरी बातमी. पैलतीर दिसायला लागल्यावर माणूस जे करतो ते मी करतेय. आईला इथे बाबांशेजारी आणायचं. बाबांच्या कबरीशेजारची जागा पस्तीस वर्षं रिकामी ठेवली आहे. कागदपत्रं झाली आहेत. नोव्हेंबरात मी येते, डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर. पुण्याहून आमच्या समाजाचे दोघे येतील, हाडं कशी उचलायची ते त्यांना माहीत आहे. तू फक्त लिंबाखाली खुर्ची टाकून बस.

साठ वर्षांनी येतेय रे मी. पिठलं-भाकरी करायला सांग.

सिम्हा


नवे उंबरखेडे
२ मार्च २०२३

सिम्हा,

येऊ नकोस. लिंबाखाली कुणी नाही.

तो दगड मी गेल्या ऑगस्टात राहुरीच्या पाथरवटाकडून करवून आणला. चांदणी दिशाने मोबाईलवरून काढून दिली. तिला वाटलं आजोबा जुना दगड बदलतायत. शेवाळाचं मी लिहिलं तेही खोटं. तो काल घडवल्यासारखा दिसतो असं तू लिहिलंस, ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता जे झालं ते सांगतो. सत्तरच्या उन्हाळ्यात गाव उठायची नोटीस आली. देव हलवले, वाजतगाजत. मग आक्का म्हणाली, "आन रूतबाईचं काय? तिला काय पान्याखाली ठिवायची? माशांच्या तोंडी?" आमच्या शेताच्या बांधाला तुम्ही तिला पुरलं होतं, पुरात नगरचा रस्ता बंद होता म्हणून. मी, वडील आणि आमचा गडी आसाराम, तिघांनी खणलं. दगड नांगरटीत सरकलेला होता, शोधावं लागलं. हाडं निघाली. मनगटांपाशी हिरव्या काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या, न फुटलेल्या. त्या बघून आक्का म्हणाली, "व्हय, रूतबाईच," आणि मातीतच बसून रडली.

मग काय करायचं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नव्या जागी पुरावं तर तिथे अजून आमचीच घरं नव्हती, उद्या कुणी वरून नांगर फिरवला असता. आक्का म्हणाली, "आपलं मानूस हाय. आपल्यासारखंच करायचं. तिला बी सुटका नको का?" सिम्हा, आम्ही सरण रचलं. मी अग्नी दिला. रक्षा प्रवरासंगमला नेली, गोदावरीत सोडली. दहाव्याला मी डोकं भादरलं, मुलगा म्हणून पिंड मांडला. ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. आक्का किती समाधानानं परत आली ते मी तुला सांगू शकत नाही. आमच्या माहितीत ह्याहून मोठं काही एका माणसाने दुसऱ्यासाठी करायचं नव्हतं.

अठरा दिवसांनी हायेमबाबांचं पत्र आलं. नोटिशीचं मी त्यांना कळवलं होतं, त्याचं उत्तर. "हाडं उचलाल तर एकही मागे ठेवू नका, आणि गुरुजी, हात जोडून सांगतो, जाळू नका." पंचवीस वर्षांचा होतो मी. नवी नवी मास्तरकी. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि त्याच दिवशी तुम्हाला ते खोटं लिहिलं. आक्काला काही सांगितलं नाही. ती ते समाधान घेऊनच मेली.

मी तुझ्या वडिलांना फसवलं आणि तुलाही फसवलं. दगडापर्यंत गेलो. मला तू काहीही म्हण. फक्त पुस्तक थांबवू नकोस, गाव वाट बघतंय. हे मागायला तोंड नाही, तरी मागतो.

सहादेव


अश्दोद
९ जुलै २०२३

सहादेव,

तुझं पत्र मी स्वतः वाचू शकले नाही. नातसुनेला मराठी येत नाही. शेवटी जुन्या ओळखीच्या एका पेणच्या बाईला बोलावलं, तिनं वाचून दाखवलं. सरणाच्या ओळीला ती थांबली आणि मला विचारलं, पुढे वाचू का? एका परक्या बाईसमोर हे ऐकायची पाळी तू माझ्यावर आणलीस.

चार महिने मी तुला मनातल्या मनात पत्रं लिहिली. ती सगळी शिव्यांची होती. बाबांना मी त्या शेवटच्या संध्याकाळी काय वाचून दाखवलं? ते कुणाच्या भरवशावर डोळे मिटून पडले? आणि राग कुणावर काढू? आई गेल्यावर आक्काईनं मला दोन वर्षं जेवू घातलं, वेणी घातली. तिच्यावर राग धरायला जाते आणि तिचे हातच डोळ्यांपुढे येतात. छापखान्याला मी कळवलं, काम थांबवा. चित्रं पलंगाखाली सारली.

मग गेल्या आठवड्यात झोपेतून उठले आणि लक्षात आलं. बांगड्या!

सहादेव, आता नीट वाच, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस. आमच्यात मेलेल्या माणसाच्या अंगावर काहीसुद्धा ठेवत नाहीत. एक तार नाही, मणी नाही. जसे आलो तसे जायचं. गावात दुसरी यहुदी बाई नव्हती, म्हणून आईला आंघोळ आक्काईनं आणि मी घातली. अकरा वर्षांची होते. बाबा दाराबाहेरून सांगत होते आणि मी करत होते. मंगळसूत्र मी काढलं, जोडवी मी काढली, बांगड्या मी माझ्या हातानं साबण लावून उतरवल्या. उजव्या हातातली एक फुटली, माझा अंगठा कापला, तो व्रण आत्ता माझ्यासमोर आहे. मग पांढरं कापड पांघरलं आणि मला बाहेर नेलं.

हातात बांगड्या असलेली ती बाई माझी आई नव्हती. तूच लिहितोस, दगड सरकलेला होता, शोधावं लागलं. त्या बांधाला आणखी कुणाला पुरलं असेल, साथीच्या दिवसांत, तुमच्या वडलांच्याही आधी. आक्काई बिचारी, हिरव्या बांगड्या बघून फसली. तुम्ही कुणा भलत्याच बाईला प्रवरासंगमी नेऊन पोचवलंत. तिचंही भलं होवो. माझी आई तिथेच आहे. पाण्याखाली, गाळाखाली, पण सगळी. एक हाड हललेलं नाही. बाबांना मी खोटं सांगितलं नाही!

मी रात्रीतच, म्हणजे तशाच अंधुक डोळ्यांनी, नवं शेवटचं पान काढलं. तेही निळं. गावाबरोबर आई. चोवीसच्या चोवीस पानं निळी. जुन्याहून ते चांगलं आहे, इतकं चांगलं मी आयुष्यात काही काढलं नाही. छापखान्याला महिनाभर थांबायला सांगितलंय. इथून पुढे मला काही काढता येणार नाही, तेव्हा हेच शेवटचं.

तू तिथे होतास, खणताना होतास. मला लांबलचक काही नको. फक्त "होय, तसंच असणार" एवढं लिही. पुस्तक निघेल, आणि तुला मी माफ करीन. खरंच करीन.

सिम्हा


नवे उंबरखेडे
२१ ऑगस्ट २०२३

प्रिय सिम्हा,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. त्याच दिवशी मी तुला चार ओळींचं उत्तर लिहिलं. "होय, तसंच असणार." पाकीट केलं, तिकिटं लावली. पोस्टापर्यंत दोनदा जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी बन्सीने विचारलं, पुस्तक कधी येतंय गुरुजी, आणि मी त्याला म्हणालो, दिवाळीपर्यंत. मग घरी येऊन ते पाकीट फाडलं.

तुला अजून एकदा खोटं लिहिणं मला अवघड नव्हतं, सरावाचंच काम होतं. पण तू माफ करीन म्हणालीस. ती माफी मी घेतली असती तर ती कशाची होती हे मला रोज आठवलं असतं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवून मला मरता येत नाही. हा माझा स्वार्थ आहे हे मला कळतं. तुझं पान चांगलं झालंय हे कळूनही मी हे लिहितोय. तुला ते कुणा परक्याकडून ऐकावं लागेल, हेही मला कळतं.

तू बांगड्या उतरवल्यास ते खरं आहे. मग तुला बाहेर नेलं. हायेमबाबा ओसरीवर पोथी घेऊन तुमची प्रार्थना म्हणत होते, पुरुष बांधाला खणायला गेले होते. आत आक्का एकटी होती. मी मागच्या दारात उभा होतो, बारा वर्षांचा. तिनं मला हाक मारली आणि हळूच म्हणाली, "सवाष्ण हाय ती. बोडक्या हातानं कशी जाईल? त्यांना न्हाई कळायचं. पळ." मग मी परत आल्यावर तिनं कापड सोडलं, आणि परत बांधलं. हायेमबाबांना सांगायचं नाही अशी तिनं मला तिची शपथ घातली. मी आजपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हा खणल्यावर ती फसली नव्हती, सिम्हा. तिनं घातलेल्याच तिनं ओळखल्या. दोन-दोन, गडद हिरव्या. मीही ओळखल्या. कासाराकडून त्या मीच आणल्या होत्या.

सहादेव